रविवारची गोळी

मीरा रोडच्या पूनम सागर वस्तीतल्या त्या मेडिकलमध्ये जायचं तर हातात वेळ घेऊनच जावं लागे. दुकानवाली सुरुची गोळ्या काढून देई, पण माणसाला सोडत नसे. ही गोळी कशाची, काय खाऊन घ्यायची, मध्येच बंद केली तर काय होईल, सगळं सांगायची. वर “आता तुम्ही मला सांगा बघू” म्हणून समोरच्याकडून वदवून घ्यायची. मागे रांग लागली तर लागू दे. घाईतली माणसं चरफडत समोरच्या दुकानात जात. “मॅडम, दवाई दो, लेक्चर मत दो,” असं एकाने तोंडावर सुनावलं होतं. त्यालाही बीपीच्या गोळ्या समजावूनच तिने पुढे जाऊ दिलं. जित्याची खोड, दुसरं काय.

हंसाकाकू म्हणजे तिची लाडकी पेशंट. गिरगावातली खोली विकून नवऱ्याबरोबर इथे आल्या, नवरा गेला, मुलगा बंगळुरूला. पाठोपाठ संधिवाताने बोटं अशी धरली की साधी पोळी लाटता येईना. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट नावाची पिवळी गोळी लिहून दिली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आठवड्यातून एकदा घेतली तर औषध, रोज घेतली तर विष, इतका सरळ हिशेब. म्हणून सुरुचीने काकूंना वारच बांधून दिला. रविवारी मासे-भात झाला की गोळी. बाकीचे दिवस त्या पाकिटाकडे बघायचंसुद्धा नाही.

सुरुवातीला काकूंना मळमळायचं, डोकं जड व्हायचं. दोनदा त्या गोळी सोडायला निघाल्या होत्या. सुरुचीने पिच्छा पुरवला. “सुरुवातीला त्रास होतो काकू, धीर धरायचा, पण गोळी सोडायची नाही.” हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं की काकूंना पाठ झालं. आणि काय सांगावं, होळीला पुरणपोळ्या लाटून काकूंनी ताट दुकानात आणून ठेवलं. सुरुचीला त्या दिवशी अगदी भरून आलं होतं.

गणपती होऊन गेले होते. बुधवारी दुपारी काकू आल्या, काउंटरवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“माझ्या रविवारच्या गोळ्यांचं एक पाकीट दे गं.”

सुरुचीचा हात खणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. नवं पाकीट काकूंनी गणपतीच्या आधी नेलं होतं. एका पाकिटात दहा गोळ्या. दिवाळी ओलांडून पुरायला हवं होतं ते.

“काकू, गोळी रोज घेताय?”

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“तोंड उघडा.”

“भर दुकानात?”

“उघडा म्हणते ना.”

काकूंनी रागारागाने आ केला. सुरुचीने मोबाइलचा उजेड मारून गालांच्या आत, जिभेखाली बघितलं. सगळं स्वच्छ, गुलाबी. ही गोळी जास्त झाली की आधी तोंड सांगतं, फोडांनी भरून येतं. काकूंचं तोंड शहाणं होतं. म्हणजे गोळ्या काकूंच्या पोटात गेल्या नव्हत्या.

“मग नवं पाकीट कुठे गेलं?”

“हरवलं कुठेतरी.” काकू पर्सची चेन उघड-बंद करत राहिल्या. “घरात सतरा वस्तू असतात. तू दे ना दुसरं, मी काय फुकट मागतेय?”

मागे दोघं-तिघं ताटकळत होते. एक गुजराती बाई घड्याळ बघत होती. एरवी सुरुची काकूंना एवढं टोकत नसे, मोठ्या माणसाचा मान ठेवायची. पण काकू खोटं बोलत होत्या आणि त्यांना ते नीट जमत नव्हतं.

“काकू, पाकीट कचऱ्यात गेलं असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण कुणाच्या पोटात गेलं असेल तर मला आत्ता कळलं पाहिजे.”

काकूंचा चेहरा पडला.

“शालूला दिलं,” त्या हळूच म्हणाल्या.

शालू म्हणजे उत्तनकडच्या तारोडी गावाहून येणारी मासेवाली. गेली कित्येक वर्षं ती काकूंच्या बिल्डिंगीत पाटी घेऊन यायची. काकूंचा नवरा गेल्यावर त्यांच्या दारात येऊन मासे न विकता नुसती बसून गेली होती, ती ही शालू.

“विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जवळ्याची चटणी घेऊन आली,” काकू सांगू लागल्या. “स्वतःच्या डब्यातून, माझ्यासाठी म्हणून. आता डबा रिकामा कसा परत करायचा? आपल्यात कुणी देतं का रिकामं भांडं? नेमके मोदक संपलेले, लाडू संपलेले, साखर घालायची तर बाईला साखरेचा आजार. आणि तिची बोटं सुरुची, बघवत नव्हती गं. माझी होती ना तश्शी. जुन्या पाकिटातल्या गोळ्या होत्या माझ्यापुरत्या. म्हटलं, नवं पाकीट डब्यात घालून हिला देऊ. माझा गुण आला, हिचाही येईल.”

“आठवड्यातून एकच, हे सांगितलंत?”

“सांगितलं म्हणजे काय, दोनदा सांगितलं. रविवारी जेवण झाल्यावर एक. अगदी तुझ्यासारखं.”

“आणि तिच्याकडून वदवून घेतलंत?”

“पाटी डोक्यावर होती तिच्या, निघालीच होती,” काकू म्हणाल्या.

“बरं, कशी आहे आता ती?”

“काय माहीत. दिसली नाही मग. रविवारीसुद्धा आली नाही, मी आपली अंड्याची आमटी...” काकू बोलता बोलता अडखळल्या. आपण काय बोलतोय ते त्यांनाच आता ऐकू आलं.

गणपती उठल्यावरच्या रविवारी अख्खं मीरा रोड माशांवर तुटून पडतं. मासेवाली मंगळवारी नाही आली तर कुणी विचारत नाही. असा रविवार ती चुकवते म्हणजे तिला उठवत नाहीये.

शालूचा नंबर काकूंच्या मोबाइलमध्ये होता. लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद. सुरुची काउंटरचं फळकुट उचलून बाहेर आली आणि तशीच चालत कोपऱ्यावर गेली. तिथे उत्तनची एक मासेवाली सुरमईचे तुकडे करत बसली होती.

“मावशी, तारोडीची शालू माहितीये? बरी आहे ना?”

“कसली बरी.” तिने सुरी थांबवली नाही. “त्वांड आलंय तिचं. सगलं फोड. पानी बी उतरत न्हाय घशाखाली. नजर लागली बोलतात.”

सुरुची परत आली तेव्हा गुजराती बाई म्हणाली, “बेन, मारी दवा?” सुरुचीने तिला तिची खोकल्याची बाटली दिली आणि बाकीच्यांना हात जोडले. बुधवारच्या भर दुपारी तिने शटर खाली ओढलं. काकूंच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मोजकं बोलले. गोळी या क्षणी बंद. बाईंना हॉस्पिटलमध्ये आणा, मी सांगून ठेवतो. या गोळीवर उतारा असलेलं इंजेक्शन आहे, पण ते वेळेत गेलं तर उपयोग. ताप आहे का ते बघा. असेल तर रस्त्यात कुठेही थांबू नका.

“मी येणार,” काकू म्हणाल्या.

“तुम्ही घरी जा.”

“तुला घर कोण दाखवणार? मी तिच्या सुनेच्या डोहाळजेवणाला गेले होते.”

स्कूटरवर मागे काकूंना घेऊन सुरुची निघाली. पूल ओलांडून भाईंदर पश्चिम, मग मुर्धा, राई, मोर्वा. दोन्ही बाजूला मिठागरं आणि मध्ये खड्ड्यांचा रस्ता. काकू मागून तिच्या खांद्याला घट्ट धरून होत्या आणि वाऱ्यात ओरडून सांगत होत्या, “मी चांगल्यासाठीच दिलं गं. मी काय तिचं वाईट चिंतलं होतं?”

“काकू, आत्ता बोलू नका.”

“तू रागावलीस.”

“हो, रागावलेय.”

आणि होतीच ती रागावलेली. घरात वाटी-वाटी गोळ्या वाटणाऱ्या या बायका. शेजारणीला बीपीची गोळी, वॉचमनला साखरेची, ‘मला लागू पडली, तूही घे.’ साखर उसनी द्यावी तशी औषधं देतात. पण रागापेक्षा भीती मोठी होती. शालूने रोज एक घेतली असेल तर एव्हाना पाकीट संपत आलं असणार. आधी तोंड जातं, मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी जातात, आणि मग साधा सर्दी-तापसुद्धा माणसाला घेऊन जातो. हे काकूंना सांगून उपयोग नव्हता. सुरुचीने अ‍ॅक्सिलरेटर पिळला.

तारोडीत शालूचं घर गल्लीच्या टोकाला होतं. अंगणात बोंबील वाळत घालायचे बांबू रिकामे उभे होते आणि दार सताड उघडं होतं. आत खाटेवर शालू भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिची सून संचिता खाली बसून वाटीत काहीतरी चमच्याच्या पाठीने रगडत होती.

“काय घालताय त्यात?” सुरुचीने दारातूनच विचारलं.

“सासूची गोली,” संचिता वर न बघता म्हणाली. “गिलता येत न्हाय ना तिला, म्हनून पेजेतून देतंय.”

पेजेच्या पांढऱ्या सायीवर पिवळा चुरा पसरला होता. सुरुचीने चपलाही न काढता आत जाऊन ती वाटी हातातून हिसकावली. पेज जमिनीवर, तिच्या कुर्त्यावर, संचिताच्या साडीवर उडाली.

संचिता ताडकन उठली. “कोन गं तू? घरात घुसून आजारी मानसाच्या तोंडचं काढतेस?”

“दे ती,” खाटेवरून आवाज आला. आवाज कसला, नुसती घरघर. शालू वळली. तिचे ओठ फाटून त्यावर रक्त सुकलं होतं. एके काळी मजल्या-मजल्यावर ‘पापलेट, बोंबील’ म्हणून हाक फिरवणारी ती बाई एकेक शब्द तोंडातून सोलून काढत होती. “गोली सोडायची न्हाय. हंसाबाय बोललीय. सुरवातीला तरास व्हतो. धीर धरायचा.”

सुरुचीच्या हातातली वाटी तशीच राहिली. हे वाक्य तिचं होतं. तिचंच, शब्दन् शब्द. मीरा रोडच्या काउंटरवरून काकूंच्या घरी, काकूंच्या घरून डब्यात बसून तारोडीला आलं होतं, आणि ही बाई ते देवाच्या शब्दासारखं पाळत होती. तोंड सडत चाललं तरी पाळत होती.

काकू दारातून पुढे आल्या. “शालू, अगं रविवारी एकच, असं बोलले होते ना मी तुला?”

“बोललीस ना.” शालूने थुंकी गिळली, डोळे मिटले, पुन्हा उघडले. “पन तू घरात बसतेस बाय. मी रोज बर्फात हात घालतंय. माजं रोजचं दुखनं, तर रोजची गोली. आठवड्याला एक ती काय, उपास हाय?”

बाई चुकली होती, पण बाईने विचार केला होता. जास्त कष्ट तर जास्त औषध, यात वेडेपणा कुठे होता? सुरुचीने काकूंना वार दिला, वेळ दिली, वदवून घेतलं, सगळं केलं. एकदाच का घ्यायची, हे मात्र कधी सांगितलं नव्हतं. काकूंनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. जे काकूंकडेच नव्हतं ते काकू पुढे कुठून देणार?

तिने शालूच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

“हॉस्पिटलला न्यायचंय. आत्ता. रिक्षा मिळेल का इथे?”

“तोंड आलंय तर हॉस्पिटल कशाला?” संचिता मध्ये उभी राहिली. “कात लावलाय, खोबरेल लावलंय. आनि घोव दर्यावर गेलाय माजा. तो आल्याबिगर मी न्हाय नेऊ शकत. उद्या काय जालं तर मनाच विचारल ना?”

“उद्यापर्यंत थांबता येणार नाही, ताई.”

“तू कोन सांगनार?”

सुरुची सांगू लागली. गोळी जास्त झालीये, रक्तातल्या पेशी कमी होतात, ताप येणं म्हणजे धोका. नेहमीसारखं, एकामागून एक, नीट. संचिताचा चेहरा दगडासारखा झाला. पालथ्या घड्यावर पाणी. तोंडातून शब्द निघत होते आणि वेळ जात होता, आणि आपण इथेही लेक्चरच देतोय, हे कळूनही सुरुचीला दुसरं काही सुचेना.

तेवढ्यात काकू खाली बसल्या. धपकन बसल्या. सांडलेल्या पेजेतच.

“संचिता, माझ्याकडे बघ,” त्या म्हणाल्या. “तुझ्या सासूच्या डब्यात विष मी घातलं. मोदक नव्हते म्हणून घातलं. तुझा नवरा आला की त्याला माझं नाव सांग, माझा पत्ता दे. मला काय करायचं ते करा. पण हिला आत्ता उचल. तुझ्या पाया पडते.”

आणि पासष्टीच्या त्या बाईने खरोखरच वाकून हात पुढे केला. संचिताने पाय मागे घेतले. तिने काकूंकडे बघितलं, मग खाटेवरच्या सासूकडे, मग सुरुचीच्या हातातल्या वाटीतल्या पिवळ्या चुऱ्याकडे. ही गोळी आपणच रगडून देत होतो, हे तिच्या डोळ्यांत दिसलं. ती पदर खोचून बाहेर धावली आणि रिक्षा घेऊन आली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, म्हणून दारात अडवणूक झाली नाही. रक्त काढलं, सलाइन लावली, उताऱ्याचं इंजेक्शन टोचलं. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर सुरुचीला बाजूला घेऊन म्हणाले, “पेशी फार खाली आल्यात. आज काहीच सांगता येत नाही. उद्याही कदाचित येणार नाही.” शालूला काचेच्या खोलीत वेगळं ठेवलं. आत कुणाला सोडत नव्हते. संचिता काचेला कपाळ लावून उभी राहिली. काकू बाकावर बसून होत्या, साडीवरची पेज वाळून कडक झाली होती.

पुढचे दिवस सुरुचीने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. दुकान उघडायची, गोळ्या द्यायची, आणि मोबाइल वाजला की हातातलं काम टाकून आधी तो उचलायची. एकदा संचिताचा फोन आला, “ताप चढलाय,” आणि कट झाला. त्या दिवशी सुरुचीने एका गिऱ्हाइकाला नुसतं पाकीट देऊन पाठवलं, काही न सांगता. मग तिच्या लक्षात आलं आणि ती रस्त्यावर त्याच्यामागे पळत गेली. दुसऱ्या एका दिवशी पुन्हा फोन आला. संचिता रडत होती.

“पेज खाल्ली,” संचिता म्हणाली. “अर्धी वाटी. सोताच्या हातानं.”

सुरुची औषधांच्या खोक्यावर बसली आणि तिने पोटभर रडून घेतलं.

शालू वाचली. पण हंसाकाकू दुकानात फिरकेनात. त्या बुधवारी मागितलेलं पाकीट सुरुचीने त्यांच्या नावाने बाजूला काढून ठेवलं होतं, ते तसंच पडून राहिलं. दिवाळी गेली. शेवटी सुरुचीच जिना चढून दुकानावरच्या त्यांच्या घरी गेली. काकूंनी दार उघडलं ते कोपराने. बोटं पुन्हा सुजली होती, कडीसुद्धा धरवत नव्हती.

“काकू, गोळी सोडलीत?”

“ती पिवळी गोळी समोर आली की मला ती पेज दिसते. घे म्हणू नकोस सुरुची, मला नाही घ्यायची. दुखू दे. मला दुखलंच पाहिजे.”

सुरुचीने समजावलं, रागावली, शपथ घातली. काकूंनी चहा दिला, दोन्ही तळव्यांत कप धरून, आणि विषय बदलला. आधी भीती शालूची होती, आता काकूंची. ही गोळी अशी सोडली तर काकूंचे सांधे वाकडे होऊन बसणार, आणि मग कुठलीही गोळी ते सरळ करू शकणार नाही, हे सुरुचीला स्वच्छ दिसत होतं.

मार्गशीर्ष लागायच्या आधीचा रविवार होता. दुकानासमोर पाटी टेकवल्याचा आवाज आला. सुरुचीने वर बघितलं तर शालू. अर्धी झालेली, केस विरळ झालेले, पण पायांवर उभी. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात घडी केलेला कागद. तिने कागद काउंटरवर आपटला.

“वाच.”

सुरुचीने वाचलं. डॉक्टरांनी शालूच्या तपासण्या केल्या होत्या. तिलाही तोच आजार होता, काकूंचाच. आणि औषधही तेच होतं. मेथोट्रेक्सेट, कमी ताकदीची, आठवड्यातून एकदा, सोबत रक्ताची तपासणी.

“तीच ना ही?” शालू म्हणाली. “हॉस्पिटलातल्या पोरीनं सांगितलं मना, तीच हाय. जिनं मना मारलं तीच परत? डाक्टर येडा हाय का मी येडी हाय?”

रविवारी किती वाजता, कशाबरोबर, हे सगळं सुरुचीच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

“मावशी, आधी एक सांगा. पावसाळ्यात तुमच्या होड्या बंद का असतात?”

“बंदी असते. सरकारची.”

“सरकारच्या आधीही बंद ठेवायचात ना? नारळी पौर्णिमेपर्यंत?”

“मग? मासली अंडी घालते तवा. रोज जाल टाकलं तर पिल्लं बी जातील. मंग खानार काय, रेती?”

“ही गोळी म्हणजे जाळं आहे,” सुरुची म्हणाली. “तुमच्या सांध्यांत जे वाईट वाढतंय, ते पकडायला टाकलेलं. पण जाळ्याला चांगलं-वाईट कळत नाही. तोंडाची कातडी, रक्त, जे जे रोज नवीन होतं ते सगळं त्यात सापडतं. एक दिवस जाळं टाकायचं आणि सहा दिवस बंदी, म्हणजे चांगलं पुन्हा भरून येतं. तुम्ही रोज टाकलंत. आणि तुमचं काही चुकलं नाही, मावशी. हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. मी काकूंनाही सांगितलं नव्हतं.”

शालू पाटीवरच्या माश्या हाकलत राहिली.

“दे,” ती म्हणाली. सुरुचीने पाकीट ठेवलं. शालूने ते हातात घेतलं नाही. “पन मी न्हाय घेनार पयली. हंसाबायला बोलव खाली. ती घेईल तर घेईन.”

सुरुचीने फोन केला. शालू आलीये एवढंच सांगितलं. काकू जिना उतरून आल्या, भिंतीला धरत, आणि शालूपासून चार हात दूर उभ्या राहिल्या. खाली बघत. त्या दिवसानंतर दोघी पहिल्यांदाच समोरासमोर येत होत्या. शालूची नजर काकूंच्या बोटांवर गेली.

“सोडलीस तू?”

काकूंनी मान हलवली.

“मना सांगतेस सोडायची न्हाय, आनि सोता सोडतेस?” शालू चिडली, खरोखर चिडली. “मी मरता मरता तुजा शबूद पालला ना? मंग?”

“शालू, माझ्यामुळे तू...”

“ते मना ठाव हाय. जेवलीस का तू?”

“हो.”

“मंग घे.”

सुरुचीने काकूंचं बाजूला काढून ठेवलेलं पाकीट पुढे सरकवलं, पाण्याचे दोन पेले भरले. काकूंना पाकिटातून गोळी काढता येईना, बोटंच वळत नव्हती. शालूने ते पाकीट ओढून घेतलं, स्वतःच्या सुजलेल्या अंगठ्याने दाबून एक पिवळी गोळी बाहेर काढली आणि काकूंच्या तळव्यावर ठेवली. काकू त्या गोळीकडे बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. सुरुचीला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण तिने नुसता पाण्याचा पेला पुढे केला.

काकूंनी गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायल्या.

शालूने त्यांच्या घशाकडे नीट बघून घेतलं. मग आपल्या पाकिटातली एक काढली, डोळे मिटले आणि गिळली. पेला खाली ठेवून ती सुरुचीला म्हणाली, “आता सहा दिस बंदी.” सुरुचीने वदवून घ्यायच्या आधीच म्हणाली.

पाटी डोक्यावर चढवायला सुरुचीने हात लावला. निघता निघता शालूने स्टीलचा डबा काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो दोन्ही तळव्यांत धरला.

“जवल्याची चटनी हाय,” शालू म्हणाली. “आनि ऐक. डबा देशील ना, तवा रिकामाच दे.”